क्रौंच, म्हैस आणि पाणी

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना या तळ्यावर सायबेरियन क्रौंचाची जोडी अखेरची दिसली ती २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्या घटनेला आता दोन तपे होत आली. दर वर्षी दिवाळी उलटली की दिल्ली-मुंबईचे आणि परदेशांतले पक्षिनिरीक्षक या तळ्याच्या बांधांवर गर्दी करतात. तेथे आजही साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले जातात. चित्रबलाकांच्या वसाहती बाभळींवर भरतात आणि सारसांची जोडपी उथळ पाण्यातून गंभीरपणे फिरतात. परंतु ज्या एका पक्ष्यासाठी भरतपूरचे नाव जगभर झाले तो आता तेथे येत नाही. दुर्मीळ पक्षी नाहीसा झाला की वृत्तपत्रांत एखादा स्तंभ हळहळीचा छापून येतो आणि विषय संपतो. येथे मात्र तो तसा संपू नये, कारण क्रौंच दिसेनासा होण्याची कहाणी ही केवळ पक्ष्याची नाही. ती तळ्याकाठच्या गुराख्याची आणि नदीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचीही आहे. तळे कोणाचे, हा प्रश्न ज्यांनी कधी नीट विचारलाच नाही अशा राज्यकर्त्यांचीही ती आहे.

हा पक्षी पाहणे म्हणजे काय होते, हे आधी सांगितले पाहिजे. माणसाच्या छातीइतक्या उंचीचा, अंगाने शुभ्र पांढरा, चोचीपासून डोळ्यांमागेपर्यंतचा चेहरा पिसांवाचून उघडा आणि विटकरी लाल. पंखांची टोके काळी, पण ती फक्त उडताना दिसणार. पहाटेच्या धुक्यात तळ्याच्या पांढुरक्या पाण्यावर हा पांढरा पक्षी ओळखणे नवख्याला अवघड जाई. दोन अंडी घातली तरी बहुधा एकच पिल्लू जगते, म्हणून हिवाळ्यात नर, मादी आणि दालचिनी रंगाचे एक पिल्लू असे तिघांचे कुटुंब गुडघाभर पाण्यात एकत्र चरताना दिसे. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून कझाकस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडीत पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून हे कुटुंब येथे पोचे. चोच चिखलात खोल खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरून काढणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. आपल्या चरण्याच्या जागेत दुसऱ्या क्रौंच कुटुंबाला ते फिरकू देत नसे, त्यामुळे कोणते कुटुंब कोठे सापडेल हे जाणकाराला ठाऊक असे.

तो जाणकार कोण होता? परदेशी पाहुण्याच्या गळ्यात दुर्बीण असे आणि हातात जाडजूड ग्रंथ असे. पण पक्षी दाखवी तो भरतपूरचा सायकलरिक्षावाला. उद्यानात मोटारींना मज्जाव असल्यामुळे वर्षानुवर्षे ही माणसे पाहुण्यांना बांधांवरून ओढीत राहिली आणि ओढता ओढता पक्षिशास्त्र शिकली. पुढे वनखात्याने त्यांना रीतसर शिक्षणही दिले. शाळेची पायरी फारशी न चढलेला माणूस शेकडो पक्ष्यांची इंग्रजी नावे, त्यांच्या येण्याजाण्याचे महिने आणि बसण्याची झाडे बिनचूक सांगतो, तेव्हा त्याचे कौतुक होते ते एखाद्या चमत्काराचे करावे तसे. वस्तुतः त्यात चमत्कार काहीही नाही. जो रोज पाहतो त्याला दिसते. आश्चर्य असलेच तर ते हे की, या पाहणाऱ्यांना तळ्याच्या कारभाराविषयी काही विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही.

घना हे काही निसर्गाने जसेच्या तसे ठेवून दिलेले रान नव्हे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी जेथे साचे अशा खोलगट जमिनीवर अठराव्या शतकात राजा सूरजमलाने अजान बांध घातला आणि हे तळे आकाराला आले. बांध, दारे, चर ही सारी मानवी श्रमाची निर्मिती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी त्यात आणखी बांध घालून बदकांच्या शिकारीसाठी ते सजविले. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या सन्मानार्थ येथे मोठी शिकार झाली आणि पुढे तो दरबारी शिरस्ताच पडला. केवलादेवाच्या देवळाजवळ एक शिलालेख अजून उभा आहे. कोणत्या दिवशी कोणता पाहुणा आला, किती बंदुका चालल्या आणि किती पक्षी पडले याचा तो जमाखर्च आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद त्यावर आहे. क्रौंचवधाच्या शोकातून आदिकाव्य जन्मले असे जो देश मानतो, त्याच देशातील एका संस्थानिकाला हा आकडा दगडात कोरून ठेवण्याजोगा पराक्रम वाटला.

स्वातंत्र्य आल्यावर आसपासच्या गावकऱ्यांनी हे तळे कोरडे करून ती जमीन कसण्यासाठी द्यावी अशी मागणी केली. तिची पुढे थट्टा झाली. पण राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन आणि पाणी स्वराज्यात आपले होईल असे भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला वाटावे, यात हसण्यासारखे काय होते? डॉ. सालीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ती मागणी थोपविली आणि तळे वाचविले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. भातखाचरे इतरत्र करता आली असती, असे तळे मात्र पुन्हा निर्माण झाले नसते. परंतु तळे वाचविताना गावकऱ्यांशी जो करार व्हायला हवा होता तो झाला नाही. १९५६ साली पक्षी अभयारण्य झाले, आणि महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालूच राहिला. गावकऱ्याची गुरे तळ्यात चरत होती ती केवळ वहिवाट म्हणून, हक्क म्हणून नव्हे. राजाचा हक्क कागदावर होता. प्रजेची होती ती नुसती सवय. पुढे घडलेल्या साऱ्याची बीजे या भेदात आहेत.

१९८१ साली घना रामसर कराराच्या यादीत गेले आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चरता कामा नयेत असे कायदा सांगतो. त्या वेळी सुमारे अडीच हजार गाई-म्हशी या तळ्यावर जगत होत्या. म्हशी पाणथळ गवत खात, गावकरी सरपण नेत, उन्हाळ्यात वाळ्याची मुळे खणून विकत. भोवताली भिंत उभी राहिली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद करण्यात आली. पर्यायी कुरणाची व्यवस्था नाही, चाऱ्याची तजवीज नाही, चर्चा तर नाहीच. गुरे घेऊन आत शिरू पाहणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी प्राणास मुकले. ज्या तळ्यावर व्हाइसरॉयच्या बंदुकीने पक्षी पडले होते तेथे आता पक्ष्यांच्या नावाने माणसे पडली. देवळाजवळच्या शिलालेखात त्यांचे नाव नाही.

पक्षिशास्त्रज्ञांचा कौलही त्या वेळी चराईबंदीच्याच बाजूने होता. म्हैस ही पाणपक्ष्याची प्रतिस्पर्धी, ती गेली की तळे सुधारेल, अशी समजूत होती. ती प्रामाणिक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. मग झाले काय? म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाचे पाणगवत बेफाम माजले. पूर्वी म्हशी ते खाऊन, तुडवून उघडे पाणी राखीत. आता त्याचा जाड गालिचा तळ्याच्या पृष्ठभागावर पसरला. बदकांना उतरायला पाणी उरेना, माशांच्या वाढीला अडथळा झाला, तळ्याचे उथळ भाग भरून येऊ लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून दहा वर्षे या तळ्याचा बारकाईने अभ्यास केला. बंदी येण्याआधीची दोन वर्षे आणि नंतरची आठ वर्षे अशी तुलनेची संधी विज्ञानाला क्वचितच मिळते. त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला की चराई थांबविल्याने तळ्याची हानी झाली आणि म्हैस हा या पाणथळीच्या व्यवहारातला आवश्यक घटक होता. ज्या संस्थेतील तज्ज्ञांनी बंदीचा पुरस्कार केला होता तिच्याच संशोधकांनी हे लिहिले, ही त्या विज्ञाननिष्ठेला भूषणावह गोष्ट होय. १९९० मध्ये घनाचे नाव रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या नोंदवहीत चढले तेव्हा कारणे दिली गेली ती पाण्याची टंचाई आणि बिघडलेली चराईव्यवस्था ही.

इतके सिद्ध झाल्यावर तरी म्हशी परत आल्या का? नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात म्हशीला जागा नव्हती. गवत काढण्यासाठी बुलडोझर आले, मजूर आले. कालांतराने गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेऊ देण्यात आले. म्हणजे जे काम म्हैस फुकट करीत होती, वर दूध देत होती, ते सरकारी तिजोरीतून करून घेण्याची वेळ आली. ज्ञान चुकले तर ते दुरुस्त करता येते, हे शास्त्रज्ञांनी दाखविले. कायदा चुकला तर तो दुरुस्त करण्याची तयारी राज्यकर्त्यांत नव्हती.

आता क्रौंचाकडे वळू. तळ्याकाठच्या आघापूर गावातील लोक सांगत आले की वाळ्याची मुळे खणल्याने आणि गुरांच्या खुरांनी तळाची माती सैल राही, म्हणून क्रौंचाला कंद उकरता येत. माणूस आणि म्हैस दोघेही हाकलले गेल्यावर माती घट्ट झाली आणि पक्ष्याचे खाणे अवघड झाले. हे म्हणणे पूर्ण खरे की अंशतः, याचा निवाडा सोपा नाही. पण पक्ष्याच्या चोचीखालच्या मातीचा विचार करणारा गुराखी अडाणी आणि फायलीवर चराईबंदीचा शेरा मारणारा अधिकारी तज्ज्ञ, ही विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे एवढे निश्चित.

तथापि न्यायाची बाब म्हणून हेही नमूद करणे आवश्यक आहे की क्रौंच केवळ भरतपूरच्या चुकीने गेला नाही. १९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले होते. चराईबंदीच्या आधीच ती संख्या झपाट्याने उतरली होती. मुख्य घात वाटेवर झाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून जाणाऱ्या क्रौंचांच्या थव्यांची तेथे पूर्वापार शिकार होते आणि जिवंत पकडून पाळण्याचीही प्रथा आहे. १९७९ नंतर अफगाणिस्तान युद्धाने पेटले. खेडोपाडी स्वयंचलित शस्त्रे पोचली आणि गझनीजवळच्या आब-इ-इस्तादा सरोवरावर हे पक्षी विसाव्याला उतरत तो टापू रणभूमी झाला. महासत्तांच्या सत्तास्पर्धेचे हिशेब माणसांच्या मृत्यूंनी मांडले जातात, ते योग्यच. पण त्या हिशेबाच्या तळटीपेत सायबेरियाहून भारतात येणारा हा पांढरा पक्षीही आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी भरतपुरात येणारे क्रौंच एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. १९९३-९४ आणि १९९४-९५ या दोन हिवाळ्यांत एकही आला नाही आणि पक्षी संपला असे जाहीर झाल्यासारखेच होते. आणि मग १९९६ च्या आरंभी चार क्रौंच तळ्यावर उतरले. त्या बातमीने जगभरच्या पक्षिप्रेमींत जो आनंद उसळला तो समजण्यासारखा आहे. संपले म्हणून लिहून टाकलेले काही पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहणे, याहून मोठा योग निरीक्षकाच्या आयुष्यात कोणता? त्यापुढच्या प्रत्येक हिवाळ्यात रिक्षावाले, वनरक्षक आणि पाहुणे डोळ्यांत तेल घालून वाट पाहत. बंदिवासात वाढविलेली पिल्ले तळ्यावर सोडून रानटी क्रौंचांनी त्यांना वाट शिकवावी असा प्रयत्नही करण्यात आला. तो साधला नाही. स्थलांतराची वाट ही पिढीकडून पिढीला मिळणारी विद्या असते. शिकविणाराच उरला नाही म्हणजे पंख असून उपयोग नसतो. २००२ च्या वसंतात शेवटची जोडी उडून गेली. या जातीचे काही हजार पक्षी आज पूर्व सायबेरियातून चीनमधील पोयांग सरोवराकडे जातात. जगातील बहुतेक सारे सायबेरियन क्रौंच तेच. भारताची वाट मात्र मोडली. पश्चिमेकडची वाटही तशीच. इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावर कित्येक वर्षे एकच नर हिवाळ्यात येत राहिला, आणि तेथील लोकांनी त्याचे नाव ठेवले ओमिद, म्हणजे आशा.

क्रौंच गेल्यावर दोनच वर्षांनी तळ्याचे पाणीही गेले. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण बांधले गेले, तेव्हा खालच्या अंगाच्या तळ्याला किती पाणी सुटेल हे पक्के ठरविले गेले नाही. २००४ मध्ये पाऊस कमी झाला, धरणाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडण्यास विरोध केला आणि राज्य सरकार नमले. ज्या तळ्याला सुमारे ५४ कोटी घनफूट पाणी मिळे त्याला मिळाले १ कोटी ८० लाख. तळाला भेगा पडल्या, पक्ष्यांनी घरटी केली नाहीत, आणि इंग्रजी वृत्तपत्रांत मथळे आले ते ‘शेतकरी विरुद्ध पक्षी’ असे.

या मथळ्यालाच हरकत घेतली पाहिजे. दुष्काळात आपल्या डोळ्यांदेखत पाणी दुसरीकडे जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला पक्ष्याचा वैरी ठरविणे सोपे आहे. पण त्याला आणि पक्ष्याला एकमेकांसमोर उभे केले कोणी? धरणाचा आराखडा करताना नदीच्या खालच्या अंगाला काही जगते याचा विचारच ज्या व्यवस्थेने केला नाही तिने. भरतपूरच्या गावांतील विहिरींनाही घनाच्या पाण्याचा ओलावा मिळतो. तळे भरले तर गवत येते, पाहुणे येतात, रिक्षा चालतात. म्हणजे लढा वरच्या शेतकऱ्याचा आणि खालच्या गरिबाचा होता. पक्षी हे नुसते निशाण होते. नंतर गोवर्धन नाल्यातून पुराचे पाणी वळवून आणि चंबळेच्या योजनेतून काही पाणी देऊन घनाची तहान भागविण्याची व्यवस्था झाली. नदीचे ताजे पाणी मासे, बीजे आणि गाळ घेऊन येई. नळातून येणाऱ्या पाण्याला ते सामर्थ्य नाही. कोरड्या वर्षांत तळ्यावर वेडी बाभूळ माजली. तिची मुळे उपटण्याचे काम शेवटी आसपासच्या गावकऱ्यांवरच सोपविण्यात आले आणि लाकूड त्यांनाच नेऊ दिले गेले. ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वी गोळ्या घालून बाहेर काढले त्यांच्या कुऱ्हाडीवाचून उद्यान राखता येत नाही, हे कबूल करण्याची ही सरकारी रीत होती.

महाराष्ट्राला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून ओळखले जाते आणि २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेही माणसानेच घडविलेले. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी गोदावरीवर बंधारा बांधला, त्यात गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती आल्या आणि मागोमाग पक्षी आले. याच पात्रातून नाशिकच्या धरणांचे पाणी जायकवाडीला जाते आणि अवर्षणाच्या प्रत्येक वर्षी त्यावरून वरचे आणि खालचे यांचा संघर्ष पेटतो. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व या राज्याने २००५ च्या कायद्यात घातले, हे राजस्थानच्या एक पाऊल पुढेच आहे. पण त्या वाटपाच्या तक्त्यात शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांचे रकाने आहेत, तसा पाणथळ जागेचा हिस्साही आकड्यात लिहिला गेला पाहिजे. काठच्या गावांतील काही तरुण आज तेथे पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवितात. त्यांच्या वडीलधाऱ्यांची मासेमारी आणि गुरेचराई यांचे काय, हे ठरविताना भरतपूरचा दहा वर्षांचा अभ्यास वनखात्याच्या टेबलावर असावा एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

दुर्मीळ पक्ष्याची ओढ ही काही चैनीखोर वर्गाची लहर म्हणून सोडून द्यावी, असा एक सूर चळवळीतल्या लोकांत अधूनमधून ऐकू येतो. लाखाचे कॅमेरे खांद्यावर टाकून एका नोंदीसाठी देश पालथा घालणारे आणि त्या पक्ष्याच्या काठी राहणाऱ्या माणसाकडे मान वळवूनही न पाहणारे हौशी लोक आहेत, हे खरेच. परंतु १९९६ च्या त्या हिवाळ्यात चार क्रौंच परतलेले पाहून ज्या रिक्षावाल्याने पायडल थांबविले, त्याचा आनंद चैनीचा होता असे कोण म्हणेल? सुंदर आणि दुर्मीळ ते श्रीमंतांचे, आणि गरिबाच्या वाट्याला केवळ उपयुक्त, ही वाटणी मान्य करण्याचे कारण समाजवाद्यांना तरी नसावे.

तेव्हा मागणी अशी असली पाहिजे: प्रत्येक पाणथळ स्थळाला नदीच्या पाण्यातील ठरावीक वाटा धरणाच्या मंजुरीतच कायद्याने बांधून द्यावा, मंत्रिमंडळाच्या मर्जीवर ठेवू नये. त्यापायी वरच्या शेतकऱ्याचे जे पाणी कमी होईल त्याची भरपाई सरकारने करावी. चराई, गवत, मासेमारी यांचे प्रमाण ठरविणाऱ्या समितीत गुराखी, कोळी आणि वाटाडे यांना मतासह जागा असावी, निरीक्षक म्हणून नव्हे. आणि नियंत्रित चराईने तळे सुधारते असे जेथे अभ्यासाने सिद्ध झाले असेल तेथे राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात म्हशीसाठी दार उघडण्याची दुरुस्ती संसदेने करावी. अहवाल येऊन तीन तपे होत आली आहेत आणि पास्पॅलम दर पावसाळ्यात नव्याने वाढत आहे.